थंडी न सोसणाऱ्या रक्तबिंबिका

नासणारी वस्तु थंड जागीं ठेवावी, हा गृहस्थाश्रमांतील पहिला धडा होय. दूध, लोणी, वाटलेली डाळ, उरलेली आमटी या साऱ्यांना उष्णतेचें भय. म्हणून पूर्वीं माजघरांतील ओलसर कोपरा, नंतर बर्फाची पेटी आणि आतां विजेचें शीतकपाट, असा आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास घडत आला. परंतु ज्या गृहिणीनें हा धडा गिरविला, तिलाच त्याचे अपवादहि ठाऊक असतात. शीतकपाटांत ठेवलेलीं केळीं काळवंडतात. माघांतल्या थंडींत विरजण लागत नाहीं. तें चुलीच्या उबेला नेऊन ठेवावें लागतें. जें जिवंत आहे आणि ज्याच्याकडून अजून कांहीं काम व्हावयाचें आहे, त्याला नुसतें गारठवून भागत नाहीं. रक्तपेढींतील एक वस्तु या अपवादांच्या पंक्तींत अगदीं वरच्या पाटावर बसण्याजोगी आहे.

पावसाळा सरत आला कीं मुंबई-पुण्याकडील रुग्णालयांत डेंग्यूचे रोगी वाढूं लागतात. अशाच एखाद्या रात्रीं डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि रोग्याचा भाऊ रक्तपेढीकडे धांवतो. तेथें त्याच्या हातीं पडते ती पिवळसर, किंचित् धुरकट द्रवाची एक लहानशी पिशवी. तांबडें रक्त मिळेल म्हणून आलेला तो मनुष्य आधीं गोंधळतो. आणि मग आपल्या मतें मोठें शहाणपण करून वाटेंत बर्फ विकत घेतो व ती पिशवी बर्फांत पुरून नेतो. त्याच्या ठिकाणीं माया असते, घाई असते. नसते ती फक्त माहिती. रुग्णालयांत पोंचेपर्यंत पिशवी दिसावयास जवळजवळ जशीच्या तशीच राहते. तिला वास येत नाहीं, ती फाटत नाहीं. तिच्यांतील कणांचें पुढील आयुष्य मात्र त्या वाटेवरच कातरलें गेलेलें असतें.

या कणांना रक्तबिंबिका म्हणतात. दवाखान्यांतील बोलींत 'प्लेटलेट' हाच शब्द रूढ झाला असून तो आतां घरोघर पोंचला आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं बिंबिका म्हणजे एक इवलीशी चकती दिसते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील दोन-तीन भाग, एवढीच तिची रुंदी. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तांत अशा दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत बिंबिका असतात. तांबड्या पेशीपुढें ती बुटकी आणि पांढरीपुढें तर नगण्यच. म्हणूनच कीं काय, शास्त्रज्ञांनींहि बरेच दिवस तिच्याकडे काणाडोळा केला. इटलींतील ट्यूरिन येथील ज्यूलिओ बिझोझेरो या संशोधकानें १८८२ सालीं तिचें नीट वर्णन केलें, आणि रक्तवाहिनीला इजा झाली असतां त्या जागीं प्रथम जाऊन चिकटतात त्या ह्याच, हें दाखवून दिलें. त्या येतात कोठून, याचा उलगडा जेम्स होमर राइट या अमेरिकन संशोधकानें १९०६ सालीं केला. अस्थिमज्जेंत कांहीं अवाढव्य पेशी असतात. त्यांच्या तुटून निघालेल्या कपच्या म्हणजेच बिंबिका. या कपचीला केंद्रक नसतें. म्हणजे घरांत नवें भांडें घडविण्याची सोय नाहीं. माहेराहून जें आणलें तेवढ्यावरच संसार करावयाचा. तो आठ-दहा दिवस चालतो, आणि मग यकृत व प्लीहा तिला रक्तांतून काढून टाकतात.

या अल्पायुषी कपचीचें काम मात्र फार मोलाचें आहे. विळीनें बोट कापलें कीं रक्त थोडा वेळ वाहतें आणि थांबतें. तेवढ्या वेळांत हजारों बिंबिका त्या फटीपाशीं गोळा झालेल्या असतात. एरवीं गुळगुळीत चकतीसारखी असणारी बिंबिका तेथें पोंचतांच फुगते, तिला कांटे आणि पाय फुटतात. ती भिंतीला चिकटते, शेजारणीचा हात धरते आणि पोटांतील द्रव्यें बाहेर टाकून आणखी मैत्रिणींना बोलावते. हा अवतार ती खरोखरी एकदांच घेते. एकदां कांटे फुटून पोटांतील शिदोरी संपली कीं पुन्हां पहिल्यासारखी चकती होणें नाहीं. सांठवणीचा सारा पेंच येथेंच आहे. पिशवींतील बिंबिका जिवंत हवी, पण झोपलेली हवी. रोग्याच्या अंगांत जाईपर्यंत तिला जाग येतां कामा नये, आणि गेल्यावर मात्र हांकेसरशी उठतां आलें पाहिजे.

दुसऱ्याच्या बिंबिका देऊन रक्तस्राव थांबवितां येतो, हें प्रथम स्पष्टपणें मांडलें तें विल्यम ड्यूक या अमेरिकन वैद्यानें, १९१० सालीं. त्याच्या रोग्यांच्या रक्तांत बिंबिका अत्यल्प उरल्या होत्या आणि रक्त थांबतां थांबत नव्हतें. दात्याचें ताजें रक्त अंगांत जातांच बिंबिकांची संख्या चढली व स्राव थांबला. थोड्या दिवसांनीं ती पुन्हां उतरली. दिलेल्या बिंबिकांचें कार्य आणि त्यांच्या आयुष्याची मर्यादा, दोन्ही गोष्टी त्या चढउतारांत दिसल्या. त्या काळीं रक्त सांठविण्याची सोयच नव्हती. दात्याच्या अंगांतून निघालें तें रोग्याच्या अंगांत गेलें. पुढें १९१४-१५ च्या सुमारास सायट्रेट घालून रक्त पातळ ठेवण्याची युक्ति सांपडली, बाटल्या आल्या, शीतकपाटें आलीं आणि रक्तपेढ्या उभ्या राहिल्या. त्यांचे उपकार तांबड्या पेशींच्या बाबतींत अपार आहेत. परंतु ज्या व्यवस्थेनें तांबड्या पेशी आठवडेच्या आठवडे टिकूं लागल्या, त्याच व्यवस्थेनें बिंबिकांचा बळी घेतला. कांचेच्या भिंतीला त्या जखम समजून चिकटत, आणि कांचेपासून वांचल्या त्यांना थंडी गांठी. पेढींतल्या बाटलीभर रक्तांत तांबड्या पेशी भरपूर आणि कामाच्या बिंबिका जवळजवळ शून्य, असा प्रकार होता. आणि तो फारसा कोणाच्या ध्यानांत आलेला नव्हता.

तो ध्यानांत आणून दिला लहान मुलांच्या मरणांनीं. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत ल्यूकेमिया झालेलीं मुलें उपचारासाठीं ठेवीत. त्यांच्या मृत्यूचें एक मोठें कारण रक्तस्राव हें होतें. नाकांतून, हिरड्यांतून, आंतड्यांतून रक्त वाहून तीं जात. रोग जिंकण्यापूर्वीं हें वाहणें थांबविणें भाग होतें. एमिल फ्रायराइक या तरुण डॉक्टरानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं ताज्या रक्तांतील बिंबिका या मुलांना देण्याचा आग्रह धरला, आणि रक्त थांबूं लागलें. १९६२ सालीं गायडोस, फ्रायराइक आणि मँटेल यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बिंबिकांची संख्या जसजशी कमी तसतसा स्राव अधिक, हा संबंध आंकड्यांनीं मांडलेला आहे. अमुक संख्येखालीं धोका आणि वर निर्धास्त, अशी स्पष्ट रेषा त्यांना आढळली नव्हती. पुढें व्यवहारांत मात्र २०,००० ही रेषा रूढ झाली. मनुष्याला रेषेवांचून करमत नाहीं, हेंच खरें.

मागणी अशी निर्माण झाली. पण पुरवठा करावयाचा तर सांठवण आली. कांचेची अडचण प्लॅस्टिकच्या पिशवीनें दूर केली होती. बोस्टनचे शल्यवैद्य कार्ल वॉल्टर यांनीं १९५० च्या सुमारास ती पिशवी पुढें आणली. एकमेकींना नळीनें जोडलेल्या पिशव्यांमुळें हवा न लागतां रक्ताचे निरनिराळे भाग वेगळे करतां येऊं लागले. राहिला प्रश्न तपमानाचा. तो प्रश्न आहे असें फारसें कोणास वाटतच नव्हतें. रक्त चार अंशांवर टिकतें, म्हणून बिंबिकाहि चार अंशांवर टिकाव्या, हें गृहीतच होतें.

फिलाडेल्फिया येथील स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर या दोघांनीं हें गृहीत तपासून पाहिलें. त्यांची रीत सरळ होती. स्वेच्छेनें पुढें आलेल्या निरोगी माणसाच्या रक्तांतून बिंबिका काढावयाच्या, किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण त्यांच्यावर करावयाची, निरनिराळ्या तपमानांत त्या ठेवावयाच्या आणि ज्याच्या त्यालाच परत देऊन पुढील दिवसांत खुणेच्या किती उरल्या तें मोजावयाचें. परक्याच्या नव्हे, स्वतःच्याच बिंबिका. त्यामुळें शरीरानें त्यांना शत्रु म्हणून हांकलून लावलें, असेंहि म्हणण्याची सोय राहिली नाहीं. उत्तर आलें तें रूढ समजुतीच्या अगदीं विरुद्ध. थंडींत ठेवलेल्या बिंबिका रक्तांतून भराभर नाहींशा झाल्या. बावीस अंशांवर, म्हणजे सुखद हवेंत ठेवलेल्या बिंबिका पुष्कळ अधिक जगल्या. १९६९ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि शीतकपाटांतून बाहेर पडण्याचा बिंबिकांचा मार्ग मोकळा झाला. दोघांनीं हा शोध कोणत्याहि नव्या यंत्राच्या बळावर लावला नव्हता. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट खरी आहे कीं नाहीं, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

थंडीनें असें होतें तरी काय? डोळ्यांना दिसणारा फरक प्रथम आकाराचा. थंडी लागतांच चकतीचा गोळा होतो आणि त्याला कांटे फुटतात, जणूं जखमेची हांकच आली. पुष्कळ दिवस असें मानीत कीं हा बदललेला आकारच बिंबिकेला भोंवतो. बोस्टन येथें कॅरिन हॉफमाइस्टर, थॉमस स्टॉसेल आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं आकार हें खरें कारण नव्हे. बिंबिकेच्या पृष्ठभागावर जखमेला चिकटण्यासाठीं कांहीं प्रथिनें विखुरलेलीं असतात. थंडींत तीं सरकून एकमेकांजवळ घोळका करतात. यकृतांत भक्षक पेशींचा पहारा असतो. या पेशींना तो घोळका बरोबर ओळखूं येतो आणि अशी बिंबिका त्या गिळून टाकतात. थंडी अधिक काळ लागली तर प्रथिनांवरील शर्करेच्या साखळ्यांतहि बिघाड होतो व यकृताच्या दुसऱ्या पेशी त्यांना धरतात. निसर्गानें ही योजना कां केली असावी, यावर त्या संशोधकांचा तर्क मोठा रमणीय आहे. शरीराचा बाहेरचा भाग आंतल्यापेक्षां थंड असतो, आणि इजा बहुधा तेथेंच होते. तेव्हां त्वचेपाशीं येऊन गार झालेली बिंबिका लढण्यास सज्ज व्हावी, आणि वारंवार गार होऊन जी विनाकारण सज्ज झाली तिला यकृतानें वेळींच बाजूला काढावें. घराच्या राखणीसाठीं केलेली ही तजवीज बर्फाच्या पेटींतील पिशवीला मात्र भोंवते.

आतां बावीस अंश म्हणजे काय, तेंहि पाहिलें पाहिजे. इंग्रजी ग्रंथांत याला खोलीचें तपमान म्हणतात. तें फिलाडेल्फियाच्या खोलीचें! मे महिन्यांत नागपुरास किंवा जळगांवास खोलीचें तपमान काय असतें, हें तेथील कोणीहि सांगेल. नियम आहे तो वीस ते चोवीस अंशांचा. तेवढी हवा राखणारें कपाट उन्हाळ्यांत आंतली हवा गार करतें आणि पौषांतल्या रात्रीं तीच ऊबदार ठेवतें. वीज गेली तर दुसरी सोय तत्काळ लागते. एकाच दात्याच्या रक्ताचे तीन भाग रक्तपेढींत तीन दिशांना जातात तें पाहण्यासारखें असतें: तांबड्या पेशी चार अंशांच्या आसपास, जेथें त्या योग्य द्रव घातल्यास बेचाळीस दिवस टिकतात, द्रवभाग शून्याखालीं तीस अंशांवर गोठवून, तो वर्षभर, आणि बिंबिका या सुखवस्तु कपाटांत, अवघे पांच दिवस. एकाच आईच्या तीन लेंकरांचे स्वभाव इतके निराळे असावे! यांतूनच दुसरा नियम निघतो. ज्या रक्तांतून बिंबिका काढावयाच्या तें रक्त आधीं थंड करतां कामा नये, आणि सहा ते आठ तासांच्या आंत तें यंत्रावर चढलें पाहिजे. दूरच्या गांवीं रक्तदानाचें शिबिर झालें, रांगा लागल्या, आणि पिशव्या बर्फाच्या पेटींतून रात्रीं उशिरां पेढीवर आल्या, तर त्या रक्ताचा उपयोग पुष्कळ होतो. पण बिंबिका त्यांतून मिळत नाहींत.

तपमान साधलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. शीतकपाटांतील तांबडी पेशी जवळजवळ निजलेली असते. बावीस अंशांवरील बिंबिका जागी नसली तरी तिचा श्वास चालू असतो. ती साखर खाते, प्राणवायु घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. प्राणवायु पुरेसा मिळाला तर थोड्या साखरेंत तिचें भागतें. तो कमी पडला म्हणजे ती साखर अर्धवट जाळूं लागते व त्यांतून लॅक्टिक आम्ल सांचतें. दमलेल्या स्नायूंत सांचतें तेंच हें आम्ल. पिशवींतील द्रवांत तें कांहीं काळ जिरतें. जिरण्याची शक्ति संपली कीं द्रव आंबट होत जातो, आणि आम्लतेचा पीएच् नामक आंकडा ६.२ च्या खालीं घसरला कीं बिंबिका फुगून मरणाच्या पंथाला लागतात. प्रारंभींच्या पिशव्यांत हें फार लवकर घडे. तीन दिवसांपलीकडे भरंवसा नसे.

येथें पुन्हां मर्फी आणि गार्डनर यांचेंच नांव येतें. १९७५ सालीं त्यांनीं दाखविलें कीं दोष बिंबिकांचा नसून पिशवीचा आहे. प्लॅस्टिक दिसावयास अभेद्य, पण त्याच्यांतून वायु थोडाफार झिरपतो. तो जितका सहज झिरपेल तितकी आंतली वस्ती सुखानें श्वास घेईल. मग पातळ, सच्छिद्रपणाकडे झुकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या, आणि तीन दिवसांचे पांच झाले. पिशवींत बिंबिका किती कोंबाव्या, द्रव किती ठेवावा, यांचीहि प्रमाणें ठरलीं. दाटी झाली कीं चाळींतल्या बिऱ्हाडाप्रमाणें हवा पुरत नाहीं. अलीकडे रक्तद्रवाच्या ऐवजीं ॲसिटेट घातलेला क्षारद्रव बऱ्याच अंशीं वापरण्याची पद्धतिहि कांहीं देशांत रुळली आहे. ॲसिटेट हें बिंबिकेचें खाद्यहि होतें आणि तें जळतांना आम्लहि कमी करतें.

शिवाय पिशवी सतत हलती ठेवावी लागते. रक्तपेढींत या खोलींत प्रथमच पाऊल टाकणाऱ्यास मौज वाटते. कांचेच्या दाराआड जाळीदार फळ्या मंद लयींत पुढें-मागें, पुढें-मागें सरकत असतात, आणि त्यांवर पिवळ्या पिशव्या ओळीनें पहुडलेल्या असतात. पाळण्यांत घातलेलीं मुलेंच जणूं. पाळणा थांबला तर बिंबिका तळाशीं बसतात, खालच्या थराला वायु मिळत नाहीं, आणि आम्ल सांचूं लागतें. झोंकाहि बेताचाच हवा. फार धसमुसळेपणानें हलविलें तर त्या दुखावतात व जाग्या होतात. प्रवासांत पाळणा थांबतो त्याला इलाज नाहीं, आणि थोडे तास तो थांबल्यानें फारसें बिघडतहि नाहीं. अमेरिकेंत चोवीस तासांपर्यंत ही सवलत आहे. थंडीला मात्र अशी सवलत नाहीं.

पिशवींतील बिंबिका धडधाकट आहेत कीं नाहींत, हें पाहण्याची एक सुंदर रीत आहे, आणि तिला यंत्र लागत नाहीं. पिशवी दिव्यासमोर धरून हळूच डोलवावी. चकत्या चांगल्या असतील तर द्रवांत रेशमी लाटा उमटतात. ऊन्हांत नऊवारीचा पदर हलतांना जशी चमक सरकत जाते तशी. चपट्या चकत्या प्रवाहाबरोबर एका दिशेला वळतात आणि उजेड परततो, त्याची ही शोभा. गोळे झालेल्या बिंबिकांना दिशाच नसते. मग पिशवी नुसती गढूळ दिसते, लाट उठत नाहीं. अनुभवी तंत्रज्ञ पिशवी देण्यापूर्वीं क्षणभर उजेडाकडे धरून पाहतो तो याचसाठीं. समोर उभ्या असलेल्या घाबऱ्या नातलगाला तो उगाच वेळ काढतो असें वाटतें.

पिशव्या सुधारल्या, पाळणे आले. मग पांचाचे दहा दिवस कां होऊं नयेत? अमेरिकेंत १९८४ सालीं सात दिवसांची परवानगी देऊनहि पाहिली. १९८६ सालीं ती मागें घेऊन पुन्हां पांच दिवसांवर यावें लागलें, आणि याचें कारण बिंबिकांत नव्हतें. सुखद हवा, अन्न, हालतें पाणी आणि झिरपणारा प्राणवायु ही व्यवस्था जशी बिंबिकांना मानवते तशी जंतूंनाहि मानवते. दात्याच्या दंडावरील कातडी कितीहि स्वच्छ पुसली तरी कांहीं जंतु तिच्या खांचांत राहतातच. त्यांतील एखाद-दुसरा सुईबरोबर आंत गेला तर शीतकपाटांतील रक्तांत तो बहुधा वाढत नाहीं, पण बिंबिकांच्या पिशवींत चौथ्या-पांचव्या दिवशीं त्याची नगरी वसते. अशी पिशवी क्षीण रोग्याच्या शिरेंत गेली तर जें होतें तें सांगण्यापेक्षां टाळण्याचे उपाय सांगणें बरें. सुईबरोबर कातडीचा सूक्ष्म तुकडा येतो, म्हणून रक्ताची पहिली धार वेगळ्या लहान पिशवींत घेतात व ती तपासणीच्या कामीं लावतात. कांहीं देशांत पिशवींतील नमुना जंतूंसाठीं वाढवून पाहतात. कोठें विशिष्ट औषध घालून अतिनील किरणांचा मारा करतात, त्यानें जंतु मरतात, आणि बिंबिकाहि थोड्या झिजतात. फुकट कांहींच मिळत नाहीं.

दात्याच्या बाजूनेंहि एक पथ्य आहे. ॲस्पिरिनची एक गोळी बिंबिकेचें चिकटण्याचें एक कसब कायमचें बंद पाडते. नवें द्रव्य घडविण्यास तिला केंद्रकच नाहीं, मग दुरुस्ती कोठून होणार? म्हणून अशी गोळी घेतलेल्या दात्याच्या बिंबिका कांहीं दिवस घेत नाहींत. डोकें दुखलें म्हणून सकाळीं गोळी घेतली, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट तेथें आवर्जून सांगावी.

पांच दिवसांचा हिशेब रक्तपेढींतील माणसांना सदा छळतो. त्यांतला दिवस-दीड दिवस तपासण्यांतच जातो. सोमवारीं घेतलेली बिंबिका शनिवारीं उपयोगाची राहत नाहीं. दिवाळींत, गणपतींत, परीक्षांच्या दिवसांत दाते येत नाहींत. तांबड्या रक्ताचा साठा त्या दिवसांत पूर्वपुण्याईवर भागवितां येतो, बिंबिकांची पुण्याई आठवडाभरहि पुरत नाहीं. उलट एखाद्या थोर पुढाऱ्याच्या वाढदिवशीं हजार माणसें एकाच दिवशीं रक्त देतात, तेव्हां निघालेल्या बिंबिकांपैकीं पुष्कळशा पांच दिवसांनीं टाकून द्याव्या लागतात. त्या दात्यांचें मन मोडूं नये. पण हीच हजार माणसें वर्षभर थोडीं थोडीं येतील तर कर्करोगाच्या दवाखान्यांतील मुलांना अधिक लाभ होईल. यंत्राला जोडून घेऊन फक्त बिंबिका देणें व बाकीचें रक्त परत अंगांत घेणें, हीहि सोय आतां मोठ्या शहरांत आहे. तास-दीड तास बसावें लागतें, आणि एका माणसाकडून साध्या पांच-सहा पिशव्यांइतका ऐवज मिळतो.

असा हा दुर्मिळ ऐवज डेंग्यूच्या हंगामांत पुष्कळदां अकारण खर्च होतो, हें येथें स्पष्ट बोललें पाहिजे. घरांत कोणास डेंग्यू झाला कीं रोज सकाळ-संध्याकाळ बिंबिकांचा आंकडा विचारणें सुरू होतें. तो पन्नास हजारांवर आला कीं घरची मंडळी डॉक्टरांच्या मागें लागतात. सिंगापूर आणि मलेशिया येथें ३७२ रोग्यांवर केलेली एक पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. बिंबिका वीस हजार किंवा त्याहून कमी, पण गंभीर रक्तस्राव नाहीं, अशा प्रौढ रोग्यांना बिंबिका देऊन व न देऊन त्यांत तुलना केली. दिल्यानें रक्तस्राव टळल्याचें दिसलें नाहीं, त्रास मात्र कांहींसा वाढला. आपल्याकडील मार्गदर्शनांतहि स्राव नसतां दहा हजारांच्या खालीं उतरल्यावांचून त्या देऊं नयेत असेंच आहे. डेंग्यूंत जीव जातो तो बहुतेक वेळां रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून, आणि त्याला हवा असतो तो वेळेवर दिलेला व नीट मोजलेला द्रव. आंकड्याकडे टक लावून बसलेल्या नातलगांचें रोग्याच्या लघवीकडे व नाडीकडे लक्ष नसतें.

गेल्या कांहीं वर्षांत या कथेला एक वळण लागलें आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. थंडीनें बिंबिका अल्पायुषी होते हें खरें. पण ती कांटे फुटून सज्ज झालेली असल्यामुळें वाहत्या जखमेवर लवकर चिकटते, ही गोष्टहि १९७० नंतरच्या दशकांतच दिसून आली होती. त्यावरून बराच वाद झाला व त्या वेळीं बावीस अंशांचा पक्ष जिंकला, कारण बिंबिकांची मुख्य गरज ल्यूकेमियाच्या रोग्यांना होती. त्यांना आज स्राव नसतो. उद्यां-परवां होऊं नये म्हणून रक्तांत फिरती राखण हवी असते. रणांगणावर किंवा रस्त्यावरील अपघातांत घायाळ झालेल्याची गोष्ट वेगळी. त्याला चार दिवस फिरणारी बिंबिका नको. पुढच्या घटकेंत भोंक बुजविणारी हवी. म्हणून २०२३ सालीं अमेरिकेंत एक ते सहा अंशांवर ठेवलेल्या बिंबिका चौदा दिवसांपर्यंत, नेहमींच्या बिंबिका मिळत नसतील किंवा तेथवर नेणें शक्य नसेल तेव्हां, चालू रक्तस्रावासाठीं वापरण्यास मुभा मिळाली. यांत मर्फी-गार्डनर खोटे ठरले असें नाहीं. त्यांनीं विचारलेला प्रश्न आयुष्याचा होता. हा प्रश्न कामाचा आहे. थंडीचा हा उपयोग ठरवून, तशाच पेटींत आणि तशाच रोग्यासाठीं करावयाचा असतो. वाटेंतल्या बर्फानें तो साधत नाहीं.

तेव्हां रात्रीं धांवत गेलेल्या त्या भावानें करावयाचें तें इतकेंच. पिशवी बर्फावांचून, उन्हापासून जपून, स्वच्छ डब्यांत ठेवावी आणि वाटेंत न रेंगाळतां आणावी. वॉर्डांतल्या परिचारिकेच्या हातीं द्यावी, आणि ती शीतकपाटांत ठेवली जात नाहीं ना, हें नम्रपणें विचारावें. कारण औषधांच्या शीतकपाटांत ठेवून देण्याची चूक वैद्यकीय माणसांकडूनहि होते. पिशवी आल्यावर ती चढविण्यास विलंब नको. चढवून झाल्यानंतर तासाभरानें पुन्हां आंकडा पाहतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आणखी एकदां. प्रौढ माणसास एका साध्या पिशवीनें घन मिलिमीटरमागें पांच ते दहा हजारांची वाढ अपेक्षित असते. तासाभरानें वाढ दिसली आणि सकाळीं ती ओसरली, तर डॉक्टर तापाला दोष देतात, वाढलेल्या प्लीहेला देतात, रोग्याच्या रक्तांतील विरोधी द्रव्यांचा संशय घेतात आणि आणखी दोन पिशव्या लिहून देतात. बर्फाची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. आणि ती सांगण्याजोगी आहे, हें त्या भावाला माहीत नसतें.